चाळीस बोकडांचं बेस

...आन् वर माजा खेळातला जोडीदार मलाच इचारतोय, "बेस झालं का?" आता तुमीच सांगा, मानसानं काय उत्तर द्यावं? तुमाला सांगतो, ह्या येका शब्दानं माजा जीव खाल्ला! आपल्याकडं बेस म्हंजे काय? झकास. पन ह्या खेळात बेस म्हंजे बाहुल्याच्या पायाखालचा नखायेवढा चौकोनी पाट!

खेळ कसला? टेबलावरची लढाई. राक्षस, जादूगार, अंगठ्यायेवढी प्लास्टिकची बाहुली... हसायचं आसंल तर हसा, आमची मंगल तर लगीन झाल्यापास्नं हसतीया. माजी फौज चाळीस बोकडांची. धड मानसाचं, तोंड बोकडाचं. पन ती आख्खी येत न्हाईत हो! पाय येगळं, हात येगळं, शिंगं येगळी, येका बोकडाचं आठ तुकडं! खाटकाकडं बोकड आख्खा जातो आन् तुकडं हून येतो, हितं तुकडं येत्यात आन् आमी आख्खा करत बसतोय...

आन् नियम काय? पाटावर चिकटला न्हाई तो लढाईत न्हाई! मागल्या साली सांगलीच्या स्पर्धेत समदी बोकडं बेसबिगर, पंचांनी पयल्याच डावाला भाईर काढलं. मला येकट्याला न्हाई, जोडीदारालाबी. ह्यो राहील, उंब्रजला मोबाईल दुरुस्त करतो, बारा वर्सांची दोस्ती. म्हनला, "अमृत्या, औंदा बेस न्हाई झालं तर मी दुसरा जोडीदार बघनार." बारा वर्सं आन् गोंदाच्या थेंबावर आडकली! तवापास्नं दिसाला धा फोन... बेस झालं का, बेस झालं का!

शनवार उजाडला. ऐतवारी स्पर्धा. बोकडं जोडून झालती, पन पाटावर येकबी न्हाई! बसलो चिकटवाय. गोंद इतका नालायक, बोकड पाटाला चिकटंना, माज्या बोटाला चिकटला! अंगठा, शेजारचं बोट आन् मधी बोकड. मंगल म्हनती, "आवं, आता तुमीच त्येचं बेस!" गेलो तसाच मंगलला घेऊन विट्याला दवाखान्यात. कंपाउंडर इचारतोय, "काय चावलं?" म्हनलं, चावलं न्हाई बाबा, चिकटलंय!

आन् माजा फोन ऱ्हायला घरी. घरी कोन? आमचं आबा, माजं वडील! तात्याबा म्हनून समदा गाव वळखतो. जलम मेंढरांमागं गेला, आता शेती बघत्यात. राहीलनं फोन केला, "बेस झालं का?" आबांना वाटलं पोरगं खुशाली इचारतंय. "व्हय व्हय, समदं बेस हाय! तुज्याकडं बेस का?" झालं! त्या शाण्यानं पंचांना कळवून टाकलं, चाळीसच्या चाळीस तयार!

घरी येऊन मी डोक्याला हात लावला... त्योबी येकच, दुसऱ्याला पट्टी हुती! आबांना लय वाईट वाटलं. "माजीच चूक झाली लेका. तू पड जरा. खुरातलं काटं काढनारा हात हाय ह्यो, मी चिकटवतो." दिवं लागायच्या आत आबांनी डबा बंद करून हातात दिला. "उघडू नगंस, वलं हाय."

सांगलीत डबा उघडला. काय काम हो! प्रत्येक पाटावर बांधावरची बारीक वाळू, सुकल्या गवताची काडी, येक बोकड हालंल तर शप्पत! फौज सरकवायला खाली ट्रे आसतो, पाटबी त्येला पक्कं. पन तोंडं? समद्यांची तोंडं आत! भर उन्हात मेंढरं कशी हुबी ऱ्हात्यात, येकमेकाच्या सावलीत मुंडी घालून? तशी चाळीस मुंडकी आत आन् भाईर... भाईर काय ते तुमीच समजा!

आन् गोंद? जो माज्यापुढं चिकटंना, तो आबांच्या हातचा सुटंना! मला आबांचा राग आला आन् रागाची लाजबी वाटली, म्हातारा मानूस दुपारभर वाकून बसला हुता हो माज्यासाटनं.

ह्या खेळात फौजेचं तोंड दुश्मनाकडं लागतं. पंच चष्मा वर करून इचारत्यात, "अहो, ह्यांची आघाडी कुठल्या बाजूला?" मी राहीलकडं बघितलंच न्हाई. म्हनलं, गेली दोस्ती! राहील वाकला, बोकडं बघितली, लय येळ बघितली... आन् म्हनला, "सर, ऊन लय हाय. उतरलं की वळतील."

पंचांनी आमचं नाव खोडलं. मग आमीबी दोगं सावली बघून बसलो... तोंडं आत करून!