मिसेस म्हणतात

(मीरा रोड, शांती नगरमधला एक रिकामा वन बीएचके. दुपार. सहादेव, घरांचा एजंट, ओट्याला टेकून उभा. त्याच्या यूट्यूब चॅनेलची नवी आखणी करून द्यायला आलेली दिव्या फरशीवर लॅपटॉप उघडून बसलेली. शूटिंग अजून व्हायचंय.)

दिव्या : …म्हणून म्हणते काका, नाव बदलायचंच. ‘सहादेव प्रॉपर्टीज’ कुणाच्या लक्षात राहणार? असे एजंट इथे पायलीचे पन्नास.

सहादेव : पन्नास कसले, आमच्या एका गल्लीत सहा आहेत. पण मग ठेवायचं काय?

दिव्या : ‘मिसेस म्हणतात’.

सहादेव : हे नाव?

दिव्या : हेच. प्रत्येक व्हिडिओत तुम्ही म्हणता तेच. लोक तुमच्या चॅनेलवर फ्लॅट बघायला येतात असं वाटतं तुम्हाला? कमेंट वाचा. ‘आज मिसेस काय म्हणाल्या?’ ‘मिसेसना नमस्कार सांगा.’ पनवेलची एक बाई लिहिते, मला घर घ्यायचंच नाहीये, मी फक्त मिसेससाठी बघते.

सहादेव : वाचतो ना. रोज वाचतो. त्या बाईला रिप्लाय पण दिलाय.

दिव्या : मग? ब्रँड तयारच आहे तुमचा, आपण फक्त पाटी लावायची. आता प्लॅन ऐका. आठवड्याला एक मोठा व्हिडिओ, वीस मिनिटांचा. तोच कापून तीन रील. त्याचाच आवाज काढून पॉडकास्ट. रविवारी ईमेलवर एक पत्र. आणि वर्षाच्या शेवटी छोटंसं पुस्तक, पानाला एक वाक्य.

सहादेव : म्हणजे एकाच कोंबडीचा रस्सा, तिचंच सुकं, आणि उरलं त्याचं सूप.

दिव्या : हां, अगदी तसंच. आणि पहिल्या मोठ्या व्हिडिओत मिसेस स्वतः.

सहादेव : ती नाय येणार.

दिव्या : चेहरा नाही दाखवायचा. नुसता आवाज. त्या ओट्याशी, तुम्ही दाराशी.

सहादेव : लाजते ती. कॅमेरा म्हटलं की घामच फुटतो तिला.

दिव्या : मग मी घरी येते गोडदेवला. फोनवर रेकॉर्ड करू, चहा पितापिता.

सहादेव : बघू पुढच्या महिन्यात. आता गावी आहे, पोलादपूरला.

दिव्या : गेल्या सोमवारी म्हणालात घसा बसलाय. त्याच्या आधी गुडघे. काका, खरं सांगा, भांडण झालंय का तुमचं?

सहादेव : भांडण झालं असतं तर बरं होतं.

दिव्या : मग?

सहादेव : ती नाही.

दिव्या : गावी आहे म्हणालात ना आत्ता.

सहादेव : नाही म्हणजे नाहीच, मॅडम. येत्या दिवाळीत चार वर्षं होतील.

दिव्या : …चॅनेल तर दोन वर्षांचं आहे.

सहादेव : हो.

दिव्या : म्हणजे पहिल्या व्हिडिओपासून…

सहादेव : पहिल्या व्हिडिओपासून. पण फसवायला नाय केलं. आमच्या धंद्यात सगळेच बोलतात. पार्टी बिचकली की एजंट म्हणतो, आमच्या मिसेसनी पण बघितलाय फ्लॅट, त्यांना आवडला. बाईमाणसाला आवडला म्हटलं की पार्टी निवांत होते. वीस वर्षांची जीभ आहे, कॅमेऱ्यासमोर पण तेच निघून गेलं. ‘मिसेस म्हणतात, ओट्यापाशी उभं राहून दार दिसलं पाहिजे, नायतर बाई दिवसभर भिंतीशी बोलते.’ ते खरंच तिचं होतं हां. माझा भाचा निकेत शूट करत होता. म्हणाला, मामा, हे कापू का? मी म्हटलं, राहू दे.

दिव्या : तो पहिला व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी बघितलाय.

सहादेव : दुसऱ्या दिवशी लोक विचारायला लागले, मिसेस कशा आहेत. मॅडम, ती गेल्यावर तेरा दिवस माणसांची रीघ होती. चौदाव्या दिवसापासून कोणी तिचा विषय काढला नाही. चांगली माणसं आहेत, मला त्रास नको म्हणून टाळतात. माझी सख्खी बहीणसुद्धा जेवलास का विचारते आणि हवापाण्याचं बोलते. आणि इकडे अनोळखी माणसं रोज विचारतात, वहिनी बऱ्या आहेत ना. तुम्हीच सांगा, मी काय लिहायला पाहिजे होतं?

दिव्या : काय लिहिलंत?

सहादेव : ‘बऱ्या आहेत’ लिहिलं. बरं वाटलं लिहून.

दिव्या : काका, हे तुम्ही लोकांना सांगितलंत ना… एकच व्हिडिओ. अगदी साधा. या ओट्यापाशी उभं राहून. लोक…

सहादेव : थांबा. तुमच्या डोळ्यात आता जे चमकलं ना, ते मी ओळखतो. पार्टी म्हणते, भाव बोला, तेव्हा माझ्या डोळ्यात तेच चमकतं.

दिव्या : …सॉरी.

सहादेव : धंदा आहे. राग नाही.

दिव्या : नाही, खरंच सॉरी. ते नको. मग आहे तसंच चालू ठेवू. आवाज नको, फोटो नको, नुसती त्यांची वाक्यं. पुस्तकाला शंभर लागतील, रील आणि पत्रं धरून वर्षाला…

सहादेव : शंभर कुठून आणू?

दिव्या : एकशे चाळीस व्हिडिओ आहेत तुमचे. त्यातलीच घेऊ.

सहादेव : तिची वाक्यं संपली, मॅडम. कधीच संपली.

दिव्या : म्हणजे?

सहादेव : बारा घरं बदलली आम्ही इथे, सगळी भाड्याची. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की मालक भाडं वाढवणार, आपण सामान उचलणार. तीन वेळा तर मालकाने नाही, मीच उचललं. त्या घराला चांगली पार्टी मिळाली होती.

दिव्या : स्वतःचं राहतं घर रिकामं करून दिलंत?

सहादेव : दिलं. ती एका शब्दाने बोलली नाही. नवीन घरात गेलो की आधी दूध उतू घालवायची. ते वर येईपर्यंत ओट्यापाशी उभी राहून सगळीकडे बघायची, आणि दूध उतू गेलं की एक वाक्य बोलायची. त्या घराचं काय चुकलंय ते. एका घराला एकच. ‘या घरात मोरी उन्हात आहे आणि माणसं अंधारात.’ असं. बस. मग अकरा महिने परत त्याचं नाव नाही. बारा घरांची बारा वाक्यं. वर इकडची तिकडची धरा, वीस होतील.

दिव्या : मग बाकीची एकशे वीस?

सहादेव : मी.

दिव्या : सगळी?

सहादेव : सुरुवातीला जमायचं. रिकाम्या घरात उभा राहिलो की ती काय बोलली असती ते कानात यायचं. मग काय बोललं की लोक हसतील, ते यायला लागलं.

दिव्या : काका, ‘एकट्या मुलीने तळमजला घेऊ नये, चौथा घ्यावा, झोप येते’ हे?

सहादेव : …ते माझं.

दिव्या : बेव्हर्ली पार्कची माझी खोली मी त्याच्यावर घेतली. स्वस्त होती खालची. उद्गीरला आईला फोन करून सांगितलं, अगं, त्या मिसेसनी सांगितलंय. आई म्हणाली, मग घे, कुणीतरी बाई आहे तिथे तुला सांगायला.

सहादेव : पोरी…

दिव्या : रोज लिफ्टमध्ये त्यांची आठवण काढते मी.

सहादेव : चुकलं माझं. झोप लागते का पण?

दिव्या : लागते. तो प्रश्न नाहीये, काका.

सहादेव : माहितीये. मलाही तोच त्रास आहे. परवा चहा टाकताना तिचं एक वाक्य आठवलं. बरं वाटलं. हसलो पण एकटाच. मग ध्यानात आलं, ते रामदेव पार्कच्या फ्लॅटसाठी मीच जुळवलेलं. आता मला कळतच नाय कुठलं तिचं नि कुठलं माझं. तुम्ही म्हणता शंभर करू. शंभर केली तर त्यात ती वीस सापडायची कशी? तिचं एवढंच राहिलंय माझ्याकडे. फोटोत ती असते, पण बोलत नाही ना.

दिव्या : लॅपटॉप बंद करते मी. थांबा, वही आहे माझ्याकडे. सांगा, जी नक्की त्यांची आहेत तेवढीच. मी लिहिते.

सहादेव : कशासाठी? पुस्तकाला?

दिव्या : कशासाठीच नाही. ही कुठे टाकायची नाहीत. वही तुमच्याकडेच ठेवा.

सहादेव : ओट्यावरून दार दिसलं पाहिजे. ते पहिलं.

दिव्या : झालं.

सहादेव : मोरीचं. मग… पाहुणा झोपेल एवढी तरी जागा असावी, नायतर माणसं दुपारीच परत जातात. हे नवघरच्या खोलीतलं. गॅलरी नसली तर संध्याकाळ कळत नाही. हे तिचंच. दोन खोल्यांत एक तरी दार असं असावं, की लावून घेता येईल.

दिव्या : हे कुठल्या घरातलं?

सहादेव : आठव्या. मी पार्टीला दिलेल्यातलं दुसरं. त्याच्यात तीन महिनेच राहिलो. आठवं… आणि नवव्या घरात ती म्हणाली… नवव्या घरात…

दिव्या : सावकाश.

सहादेव : खिडकीचं होतं काहीतरी. खिडकीवर मी इतके व्हिडिओ केलेत ना. समोर तेच येतात सगळे.

दिव्या : जागा सोडते. आठवलं की तुम्ही लिहा.

सहादेव : नाही आठवलं तर?

दिव्या : तर कोरी राहू दे, काका. आपलं भरून टाकू नका.

सहादेव : …बरं. चला, उन्हं उतरायच्या आत शूट करून घेऊ. पाच वाजता चावी परत द्यायचीय मालकाला. उद्या काय टाकणार नायतर?

दिव्या : आज मिसेस न घेता करून बघता का? नुसतं घर.

सहादेव : लोक विचारतील.

दिव्या : विचारू देत. नाव काय ठेवायचं ते नंतर बघू. उभे राहा तिथेच, प्रकाश चांगला आहे. हं, चालू केलाय.

सहादेव : नमस्कार मंडळी. मी सहादेव. आज आपण आलोय शांती नगरला. वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट आहे. हा हॉल. हे बेडरूम, इथे कपाट बसतं. हे किचन. ओटा सरळ आहे, आणि मिसेस म्हणतात…

दिव्या : कापू?

सहादेव : नाही. राहू दे, चालू राहू दे. मंडळी, हे घर मिसेसनी बघितलेलं नाही.