मिनिटाला एक अंश

नाही नाही, आत नका जाऊ ताई, भट्टी चालू आहे — इथंच बाकावर बसा, काचेतून सगळं दिसतं. तुमची लेक वर मॅडमच्या खोलीत आहे, उद्याच्या तपासणीचे कागद लावतेय. चार दिवस घरी आली नाही म्हणून कपडे घेऊन आलात? आईचा जीव! मी या प्रयोगशाळेतली मदतनीस, एकोणीस वर्षं झाली, सगळे मावशी म्हणतात — तुमचीही म्हणते, गोड बोलते, बोलायला काय जातं. तो लाल आकडा दिसतोय ना, साठ? भट्टीचा आहे. आत तिचा कागद आहे. कसला म्हणजे — साधा गाळायचा कागद हो, झाडाच्या धाग्यांचा. तो धातूच्या द्रावणात बुडवायचा, धुवायचा, सुकवायचा, परत बुडवायचा — वीस वेळा केलंय तिनं, आठवडा गेला. मग भट्टीत. कागद जळून जातो आणि त्याच्या धाग्याधाग्यावर धरलेली पांढरी साय तेवढी मागे राहते, हुबेहूब त्याच आकाराची. केसाहून कितीतरी बारीक नळ्या, डोळ्यांना दिसायच्यासुद्धा नाहीत. कागद नुसता साचा. साच्याला कोण विचारतं? जळला की संपलं.

मला काही वाटत नाही हो त्याचं. मी बारावीपर्यंत शिकलेली, माझं नाव कुठं छापून यायचंय? पण धुताना कागद पिळायचा नाही, नुसता हलवायचा — हे कुणी शोधलं? मीच. मॅडम म्हणायच्या, तुमच्या हाताला गुण आहे. आणि आमच्याकडे एक रीत होती — भट्टी ज्यानं लावली, त्यानं सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पहिलं बघायचं. एकोणीस वर्षं पहिलं मी बघितलंय! गेल्या महिन्यात मी पाणी आणायला गेले, येऊन बघते तर पडद्यापुढं तुमची लेक, आणि मॅडमचा हात तिच्या खांद्यावर. खांद्यावर! माझ्या खांद्यावर कधी ठेवला नाही. मी दारातूनच मागं फिरले, बाटल्या धूत बसले. परवा तर कहरच — मी आपलं सुचवायला गेले, तर मॅडम म्हणतात, "मावशी, वहीत आहे तेवढंच करा." बरं. वहीत आहे तेवढंच.

एकशे दहा झालं. भरभर चढतंय म्हणता? चढणारच. मिनिटाला दहा अंश लावलेत. एरवी आम्ही एक लावतो, सबंध दिवस जातो — सावकाश तापवलं तरच कागद हळूहळू जातो आणि नळ्या उभ्या राहतात. घाई केली की एकदम पेटतो, आतला धूर फाडून बाहेर येतो, हाती नुसती भुकटी. नाही, चूक माझी नाही! वहीत तिनंच दहा लिहिलंय — शून्य जास्तीचं पडलं, झोप कुठाय पोरीला. मी वाचलं. वाचलं आणि... दहाच दाबलं. तेवढंच करा म्हणाल्या ना? मग. दुसरा कागद आहे का? नाही. उद्या सकाळी तपासणीवाले येतील, बघू दे खांद्यावर हात कोण ठेवतं ते.

असं बघू नका ताई माझ्याकडे. अजून काही झालेलं नाही, दोनशेच्या आत कागदाला काही होत नाही.

काय म्हणालात? रडली? कधी — त्या दिवशी? घरी फोनवर? मावशींच्या आधी बघायला लावलं म्हणून? डोळे मिटून उभी राहिली म्हणता, मावशी आल्यावर बघते म्हणाली... मला कुणी हाक मारली नाही हो. नाही, मारली असेल. नळ सोडला होता मी, मोठा. मुद्दाम.

एकशे सत्तर.

सरका, ताई. सरका म्हणते ना, दार अडवलंय तुम्ही — नंतर बोला काय बोलायचं ते, आधी मला एकवर आणू दे. आणि तिला वरून बोलवून घ्या. म्हणावं, वही घेऊन ये खाली, शून्य खोडायचंय. तुम्ही नका खोडू. मीही नाही खोडणार.

आता गप्प बसा. मला आकडा बघू दे.