डावखुऱ्याची सही

मी, वॉल्टर पावलाक, वय ६१ वर्षे, धंदा नळजोडणीच्या सामानाचे दुकान, राहणार कोलबर्ग, पेनसिल्व्हेनिया, दुकानाच्याच वरच्या मजल्यावर. ठाण्यात आपण होऊन आलो असून, विचारल्यावरून सांगतो की,

आमच्या गावचा स्टोकर्स हा बेसबॉलचा संघ १९५९ साली मोडला. त्या खेळाडूंच्या सह्या मी तरुणपणापासून जमवत आलो आहे. दरवर्षी ऑक्टोबरात एका रविवारी संघाचे जुने चाहते माझ्या घरी जमतात. पिरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, ज्याच्या-त्याच्या घरून येतात, बियर माझी असते.

आज त्या बैठकीस श्रीमती व्हेरोनिका हुदाक प्रथमच आल्या. त्यांचे पती कै. एमिल हुदाक हे संघाचे चेंडू फेकणारे डावखुरे पिचर. पुढे खाणीत कामाला होते, गेल्या हिवाळ्यात वारले. बाई एकट्या असतात म्हणून मी स्वतः जाऊन आमंत्रण दिले होते.

माझ्याकडे एमिल यांच्या सहीची तेवीस कार्डे आहेत. चाहत्याने कार्ड आणि तिकीट लावलेले पाकीट पाठवायचे, खेळाडूने सही करून परत धाडायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. बाईंनी कार्डे पाहिली. ही सगळी पोस्टाने आली का, असे विचारले. मी अभिमानाने हो म्हणालो. त्या हसल्या. का हसल्या ते मला तेव्हा कळले नाही.

१९५१ च्या संघाने सह्या केलेला एक चेंडूही माझ्याकडे आहे. मैदानाची राखण करणारा म्हातारा वारला, तेव्हा त्याच्या मुलीने तो मला दिला. त्यावरची एमिल यांची सही फरफटलेली आहे आणि कार्डांवरच्या सहीशी मुळीच जुळत नाही. आमच्या चाहता मंडळाचे सचिव लेनर्ड क्रेस यांनी भिंग लावून ती खोटी ठरवली. म्हणून चेंडू मागच्या फळीवर, ‘खात्री नाही’ अशी चिठ्ठी लावून ठेवला होता.

मी कॉफी आणायला आत गेलो असता बाईंनी तो चेंडू पर्समध्ये घातला. क्रेस यांनी पाहिले व दार अडवले. बाईंनी पर्स उघडली नाही. क्रेस यांनी ठाण्यात फोन केला. मला विचारले असते तर करू दिला नसता.

बाईंना ठाण्यात आणले, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो. पर्स त्यांनी मांडीवर घट्ट धरलेली होती. मी चेंडूचा विषय काढला नाही. पिरोगी कुणाच्या चांगल्या झाल्या होत्या ते विचारले. त्या म्हणाल्या, “तुमच्या बहिणीच्या. कांदा तेवढा कच्चा होता.” मग आपणच बोलू लागल्या.

“ती कार्डं माझ्या हातची आहेत, मिस्टर पावलाक. तेवीसच्या तेवीस.”

बाईंच्या सांगण्यानुसार एमिल डाव्या हाताने लिहीत. शाळेत नन त्यांचा तो हात खुर्चीला बांधून ठेवीत. त्यामुळे लिहिण्याची त्यांना कायमची लाज. शिवाय डावा हात ओल्या शाईवरूनच पुढे जायचा आणि सगळे फासले जायचे. लग्न झाले १९५३ साली. तेव्हापासून चाहत्यांची कार्डे, बँकेचे कागद, नाताळची शुभेच्छापत्रे, सगळीकडे बाईच त्यांची सही करीत.

“घरात त्यांच्या हातचं एक अक्षर नाही. किराण्याची यादीसुद्धा माझीच. आणि तुमच्या फळीवर बघते तर...”

त्यांनी चेंडू बाहेर काढला. सहीवरून गेलेला शाईचा फराटा दाखवला. म्हणाल्या, “हा त्यांचा तळहात.” आणि त्यावर आपला अंगठा ठेवला. मी पाहिले. क्रेसही समोर उभे होते. त्यांनी भिंग खिशातून काढले आणि परत ठेवून दिले.

हवालदार मॅकेल्रॉय यांनी मला विचारले, “वॉल्ट, बाईंनी चेंडू न विचारता घेतला की नाही, एवढंच सांग.” न विचारता घेतला, हे खरे आहे. चेंडू मी आता त्यांना दिला आहे; माझे देणे त्यांच्या घेण्याच्या मागून आले, हेही खरे. परंतु दुकानात चुकीच्या पत्त्यावर आलेला माल मी आयुष्यभर ज्याचा त्याला पोचवत आलो आहे, आणि न्यायला आलेल्या धन्याला कधी चोर म्हटलेले नाही. माझी कोणतीही तक्रार नाही.

चेंडू ताब्यात दिल्याच्या पावतीवर बाईंची सही घेतली. त्यांनी सवयीने ‘एमिल हुदाक’ अशी, शेवटच्या अक्षराची शेपटी गोल वळवून, सुरेख सही केली. मॅकेल्रॉय यांनी पावती बाद करून दुसरी लिहून घेतली. बाद झालेली मी मागून घेतली आहे. ती तेवीस कार्डांच्या शेजारी राहील. कार्डे मी काढणार नाही.

क्रेस यांनी बाईंना घरी सोडण्याची तयारी दाखवली. बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग हो म्हटले.

माझा जबाब मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, आणि चेंडूवरील सही खरी आहे. खाली माझी सही, माझ्याच हातची.

वॉल्टर पावलाक