सावनेरचा एक चहा

हसू नका गा, पण सायकलीपायी माझा संसार मोडता मोडता राहिला. सत्तरच्या सालांतली गोष्ट. मी दर रविवारी नागपूरहून सायकलीनं सावनेरले जात होतो. बस स्टँडावर एक चहा प्यायचा आन् वापस. शौक, दुसरं काही नाही. बायकोले ते पटे नाही. म्हणे, "एका चहासाठी सत्तर किलोमीटर? काहून, घरी चहा भेटत नाही का?"

एका रविवारी मी घामाघूम होऊन पोचलो, तं बायको माझ्या आधी एसटीनं येऊन चहाच्या टपरीवर बसलेली! चहावाल्याले विचारून राहिली होती, "हे इथं कोणाकडे येतात?"

"बाई, आमीबी तेच शोधून राहिलो," चहावाला म्हणे. "जवळच्या खाणींतल्या कोळसाचोरीवर पाळत ठेवाले आलेले साध्या कपड्यातले पोलीस समजून आमी दोन खेपा यांच्या मागं माणूस लावला. कोणाच्या घरी जात नाही, कोणाशी बोलत नाही. चहा पितात आन् वापस."

मले वाटलं, सुटलो बाप्पा!

परतीच्या एसटीत चढताना बायको म्हणाली, "बाई असती तं निदान समजलं असतं. उद्या डॉक्टरकडे चला."