पहिल्या नंबराचा स्वेटर

गावातल्या हस्तकला प्रदर्शनात विणकामाच्या परीक्षकबाई सूपच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे एक वयस्कर जोडपं कुजबुजत होतं.

“स्वेटर तुम्ही विणलात, मग नाव माझं का घातलंत?”

“मित्र हसले असते गं. बक्षीस मिळालं ना तुला?”

“मिळालं! आता स्टेजवर विणून दाखवा म्हणतायत. मला धड बटण लावता येत नाही.”

“हात दुखतोय म्हण.”

“कुठला?”

“दोन्ही.”

“आणि सूप काय पायाने पिऊ?”

तेवढ्यात स्पीकरवरून काकूंचं नाव पुकारलं.

“आले, आले! माझे मिस्टर येतायत हो विणायला!” काकू ओरडल्या.

काका सटकणार, तोच परीक्षकबाईंनी पिशवीतल्या सुया त्यांच्या हातात ठेवल्या.

“लोकर कुठल्या रंगाची देऊ?”

काकांनी इकडेतिकडे पाहिलं.

“निळी असेल तर बघा.”