कोहारुच्या नाळेची डबी

मी यासुए हामागुची, वय ७९ वर्षे, धंदा मासे चिरून वाळवणे, शिक्षण सहावीपर्यंत, राहणार ताकानोउरा, जिल्हा एहिमे. आज दिनांक १४ जून २०१७ रोजी सकाळी नऊ वाजता स्वतःहून पोलीस ठाण्यात आले आणि निनोमिया साहेबांसमोर विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, मुलगा तेत्सुओ, सून कानाए आणि नात कोहारु असे चौघे राहतो. मुलगा मासेमारीच्या बोटीवर असतो, ऑगस्टशिवाय यायचा नाही. कोहारु सहा वर्षांची. जन्माच्या वेळी गुदमरली, त्यामुळे तिला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय धरत नाहीत, डावी मूठ उघडत नाही. बोलणं मात्र असं की मासे चिरायच्या शेडमधल्या बायका काम सोडून ऐकत बसतात. मला म्हणते, "आजी, तुझ्या हातांना माशांचा वास येतो, मांजरं माझ्या खुर्चीमागे लागतात." हे लिहू नका असं मी म्हटलं, तर साहेब म्हणाले, आजी, मग मुद्द्यावर या.

मुद्दा असा. कोहारुच्या जन्मावेळी सुनेने तिच्या नाळेतलं रक्त शहरात गोठवून ठेवायला दिलं होतं. मी तेव्हा चारचौघींत हसले. म्हणाले, "रक्त काय बर्फात ठेवायची वस्तू आहे? मासळी आहे का ती? नाळ ठेवतात, डबीत." आणि नाळेचा सुकलेला तुकडा मी कापसात गुंडाळून लाकडी डबीत ठेवला. झाकणावर आईचं नाव, मुलीचं नाव, जन्मवेळ लिहून घेतली. ती डबी आईची असते, मुलगी सासरी जाताना आई तिच्या हातात देते. मी ती माझ्या कपाटात ठेवली.

मोठ्या इस्पितळात अशा मुलांना त्यांचंच गोठवलेलं रक्त परत देऊन बघतात, त्यातल्या पेशींनी गुण येतो का त्याचा अभ्यास चालला आहे. कानाएने दोन वर्षांपूर्वी तिथे नाव घातलं. डॉक्टरांनी वचन काही दिलं नाही, थांबा म्हणाले. ती थांबली. मला थांबवेना. एप्रिलमध्ये पोरगी शाळेत जाणार होती.

शेडमधल्या मिसाओने मात्सुयामा शहरातल्या एका दवाखान्याचं सांगितलं. तिथे नाळेच्या पेशी टोचतात, मुलं चालायला लागतात. ९ मार्चला कानाए दोन दिवस माहेरी गेली होती. मी कोहारुला घेऊन सकाळच्या गाडीने गेले. तिला सांगितलं, आकाशपाळणे बघायला जातोय. पिशवीत माशाच्या वड्या, दोन संत्री, आणि ती डबी.

काउंटरवर डबी ठेवली तर तिथली मुलगी तोंडावर हात धरून हसली. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आजी, सुकलेल्या नाळेत जिवंत काही उरत नाही. आमच्याकडे दुसऱ्या बाळांच्या नाळेतलं रक्त आहे. गोठवलेलं. तेच देतो." म्हणजे सुनेचं खरं होतं, हे मला तिथे कळलं. तेव्हाच उठून यायचं होतं. उठले नाही.

संमतीच्या कागदावर सहीच्या जागी आईचा, म्हणजे घरच्या नावाचा, शिक्का हवा होता. साहेबांनी विचारलं की तो दवाखान्याने खोटा मारला का. नाही. घरचा शिक्का मी सुनेच्या खणातून आदल्या दिवशीच काढला होता. मीच मारला. कागदातली अवघड अक्षरं मला वाचता आली नाहीत, आणि वाचून दाखवा असं मी म्हटलं नाही.

सुई टोचताना कोहारु म्हणाली, "आजी, हे पाळणे काही बरे नाहीत." रडली नाही. परतीच्या गाडीत तिने डाव्या हातात संत्र धरलं, बोगद्यापासून पुढच्या स्टेशनापर्यंत. मला इतका आनंद झाला की समोरच्या अनोळखी बाईला मी दुसरं संत्र देऊन टाकलं. व्यायामाच्या बाई सहा महिने रोज तिची बोटं उघडत होत्या, ते तेव्हा आठवलं नाही.

रात्रीपासून तिला ताप. दोन दिवस होता. कानाए आली, तिला मी सांगितलं की बर्फाचा गोळा खाल्ला. ती म्हणाली, "आई, चूक माझी. मी जाड स्वेटर काढून ठेवायला विसरले." डबी दवाखान्यातच राहिली होती. परत मागायला फोन केला नाही.

८ जूनला इस्पितळाचं पत्र आलं. कोहारुला २१ तारखेला बोलावलं आहे. सोबतच्या कागदावर प्रश्न होता, मुलीला याआधी कुठल्या पेशी दिल्या आहेत का. कानाएने माझ्यासमोर "नाही" लिहिलं. मी शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

१२ तारखेला साहेब घरी आले; विनापरवाना पेशी टोचतात म्हणून त्या दवाखान्यावर धाड पडली होती. त्यांच्याकडे डबीचा फोटो होता. कानाए म्हणाली, "चोरीला गेली असेल. आमची मुलगी तिथे गेलेलीच नाही." साहेबांनी ते लिहून घेतलं. मी गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं, आणि पोरीची अभ्यासातली जागाही राहिली असती.

काल मी इस्पितळात फोन केला. शेजारच्या मुलीचं विचारते असं सांगितलं. नर्स म्हणाल्या, आधी कुणाच्या पेशी दिल्या असतील तर अभ्यासात घेता येत नाही. मी म्हटलं, नाहीच सांगितलं तर? त्या म्हणाल्या, "ते रक्त कुणाचं, कसं ठेवलेलं, ठाऊक नाही. आधी मुलीची तपासणी व्हायला हवी. त्या आजींना सांगा, लगेच घेऊन या." शेजारची मुलगी म्हटलं होतं मी. आजी म्हटलं नव्हतं.

आज सकाळी निघण्यापूर्वी कानाएला सगळं सांगितलं. ती कोहारुची वेणी घालत होती. तिने एवढंच विचारलं, "कुठल्या हाताला टोचलं?" मी म्हटलं, डाव्या. तिने त्या हाताची बाही वर केली, बघितलं, खाली केली आणि वेणी पुरी केली. मग खणातून इस्पितळाचा तो "नाही" लिहिलेला कागद काढला. पुढचं मी बघितलं नाही, बस आली होती.

दवाखान्याने मला धाक दाखवला नाही. मी आपण होऊन गेले.

डबी या टेबलावर आहे. ओळखली. खटला संपल्यावर परत मिळेल, कुणाच्या हाती द्यायची, असं साहेबांनी विचारलं. माझ्या हाती देऊ नये. झाकणावर आईचं नाव आहे.

हे सगळं साहेबांनी मला सावकाश, दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मीच वाचायला सांगितलं. मी बोलले तसंच उतरलं आहे. घरचा शिक्का आणलेला नाही. डाव्या हाताचं बोट उमटवलं आहे.