सहावा शत्रू आणि चौथा मजला

टाळ थांबवा क्षणभर. पेटीचा सूर तेवढा राहू द्या, दिगंबरराव. देवाचं नाव घेऊन झालं, आता त्या नावाला साक्षी ठेवून मंडळी, तुम्हाला एक विचारतो.

ज्याच्यावर तुम्ही मनातून जळता, असा एक माणूस समोरून चालला आहे. पुढे खड्डा आहे. खड्डा त्याला दिसत नाही, तुम्हाला दिसतोय. कारण कालच तुम्ही त्यात पडून आलात! सांगा, त्याला हाक माराल का?

माना डोलल्या. सगळ्यांच्या! वा. पहिल्या रांगेतल्या आजी तर दोनदा डोलल्या. आजी, थांबा. आख्यान संपू द्या, मग डोला.

काम, क्रोध, लोभ, मोह, मद... आणि सहावा? मत्सर! पहिले पाच दंगा करतात हो. क्रोध आला की भांडी आपटतात, मद चढला की छाती पुढे येते. हा सहावा मात्र आवाज करत नाही. हा गप्प बसतो. आणि माणसाला गप्प बसवतो! आजची कथा या गप्प बसण्याची आहे.

ऐका तर. जयसिंगपुरात अच्युतराव कोगेकर नावाचे गृहस्थ. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. घर स्वतःचं, पेन्शन चालू, पत्नी मंदाकिनीबाई सुगरण. काय कमी होतं? काही नाही. पण मंदाकिनीबाईंना एक धाकटी बहीण होती, कुमुदिनी. आणि कुमुदिनीला होता नवरा!

हसलात? ज्यांना साडू आहे तेच हसले. नात्यांत नातं साडूचं. रक्ताचा संबंध नाही, वाटणीचं भांडण नाही, तरी तुलना जन्माची. कारण सासुरवाडीला पाटावर बसलं की दोन जावई शेजारी शेजारी! आग्रहाचा लाडू कुणाला आधी वाढला, तेवढं बघतच एक वाटी आमटी संपते.

हे साडू म्हणजे मधुसूदनराव हेर्लेकर. सांगलीत औषधांचं घाऊक दुकान. मूळचे चिकोडीकडचे, म्हणून कन्नड पाण्यासारखं. त्यांनी बेंगळुरूला फ्लॅट घेतला. तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, बाल्कनी. वास्तुशांतीचे पेढे घेऊन जयसिंगपूरला आले आणि म्हणाले, "अच्युतराव, मुलीच्या दवाखान्याची सोय करून ठेवली. डेंटिस्ट झाली की हा विकायचा आणि तिला खुर्ची-मशीन घेऊन द्यायची."

पेढा गोड होता. अच्युतरावांना कडू लागला. रात्रभर कूस बदलली. सकाळी मंदाकिनीबाईंना म्हणाले, "आपणही घेऊ." त्या म्हणाल्या, "अहो, आपल्याला बेंगळुरूला कोण आहे?" हे म्हणाले, "साडूला तरी कोण होतं?"

आता, हसू नका, मला पण आहे. साडू नाही, गुरुबंधू! एका गुरूकडे शिकलो, एका ताटात जेवलो. तो आता विमानाने परदेशात कीर्तनाला जातो. मी येतो एसटीने, कुरुंदवाडहून, तीही उभ्याने. परवा त्याचा फोटो पाहिला, बर्फात उभा, उपरण्यावर कोट! पाहिला, आणि त्याला 'छान' एवढंही कळवलं नाही. व्यासपीठावर बसलो म्हणून लपवत नाही. असो!

अच्युतरावांनी निवृत्तीचे पैसे काढले आणि फ्लॅट घेतला. कुठे? त्याच इमारतीत. कितव्या मजल्यावर? बोला! चौथ्या! साडूच्या बरोबर डोक्यावर! तिथे राहायचं नव्हतं, भाड्याने द्यायचा होता. पण जयसिंगपुरात पलंगावर पडल्या पडल्या त्यांना सुख व्हायचं, की माझी फरशी ती त्याचं छत.

पण मंडळी, परराज्यात घर घेणं सोपं, सांभाळणं अवघड. नळ गळला तर तुम्ही इथे. घरपट्टीची नोटीस येते, ती तिथल्या भाषेत. सोसायटीची सभा भरते, तीही त्याच भाषेत. भाडेकरू कोण, कसा, पोलिसांकडे नोंद झाली का, करारावर स्टॅम्प किती लागतो? दर राज्याचा कायदा निराळा! इथे चालतं ते तिथे चालत नाही. हे सगळं ज्याला माहीत होतं, असा एक माणूस घरचाच होता. एक फोन करायचा, "मधुसूदनराव, जरा सांगा हो."

केला का? छे! विचारलं म्हणजे लहान झालो!

मग इमारतीखाली एक एजंट बसायचा, पुट्टस्वामी. कपाळाला गंध, बोलायला मऊ. म्हणाला, "सार, तुम्ही कशाला येता-जाता? मला मुखत्यारपत्र द्या. भाडेकरू मी आणतो, भाडं दर महिन्याला खात्यात." कागद पुढे केला. चार पानं, सगळी कन्नड. अच्युतरावांना अक्षर लागेना. वाचून दाखवणारा माणूस? साडू! म्हणजे वाचून घ्यायचा प्रश्नच मिटला.

सही केली. मराठी माणसाने चार कन्नड पानांवर सही केली, मंडळी, का? तर वाचून दाखवायला साडू लागला असता! अहो, कुणी फसवावं लागतं का अशा माणसाला?

पुढे दोन वर्षं भाडं येत होतं. पहिल्या तारखेला, न चुकता. अच्युतराव ते आयकरात दाखवायचे, त्यावर कर भरायचे आणि सासुरवाडीला गेले की साडूसमोर मुद्दाम म्हणायचे, "भाड्यावर कर भरता भरता नाकी नऊ येतात बुवा!" साडूच्या फ्लॅटमध्ये त्यांची पुतणी राहायची, अल्प भाड्याने. तेवढ्यातही अच्युतरावांना मोठेपणा सापडायचा.

मग एका मे महिन्यात भाडं आलं नाही. पुट्टस्वामी म्हणाला, "पुढच्या महिन्यात, सार." जून आला. नाही. अच्युतराव बस पकडून गेले. चौथा मजला. बेल वाजवली. दार उघडलं ते सरोजम्मा नावाच्या बाईंनी. प्राथमिक शाळेत शिक्षिका, घरात आजारी सासू.

हे म्हणाले, "मी मालक. भाडं का थांबवलं?"

त्या म्हणाल्या, हिंदीतून, तुटक तुटक, "भाडा? सर, हमने तो भोग्य में लिया है।"

भोग्य! मंडळी, हा तिकडचा रिवाज ऐका. भाडेकरू मालकाला एकदम मोठी रक्कम देतो. मग तीन वर्षं एक रुपया भाडं नाही. तीन वर्षांनी मालकाने सगळी रक्कम परत करायची, मगच भाडेकरू घर सोडणार. गैर काही नाही, तिकडे चालतं ते. सरोजम्मांनी दहा लाख दिले होते. सासऱ्यांच्या जमिनीचे. कुणाला दिले? पुट्टस्वामीला. त्याने सही कशाच्या जोरावर केली? अच्युतरावांच्या मुखत्यारपत्राच्या!

मग दोन वर्षं खात्यात येत होतं ते काय होतं? त्या बाईचेच दहा लाख. त्यातलेच थोडे थोडे काढून 'भाडं' म्हणून पाठवायचा! आणि आमचे अच्युतराव त्यावर कर भरून सासुरवाडीत मिरवायचे!

सरोजम्मांनी कागद दाखवला आणि म्हणाल्या, "आप दस लाख दीजिए, मैं कल जाती हूँ। नहीं तो सासूमां को लेके कहाँ जाऊँ?"

ती काही खोटी होती का? नाही. यांचं तरी खोटं होतं का? नाही. मधला मजेत! पोलीस ठाण्यात गेले. दाराशी एक लेखनिक बसतो, त्याने कन्नडमध्ये तक्रार लिहून दिली. शिक्का बसला, चौदा जून. पोलीस म्हणाले, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." पुट्टस्वामी तोवर इमारतीखाली बसून चहा पीत होता.

अच्युतराव घरी आले. मंदाकिनीबाईंनी विचारलं, "झालं का काम?" म्हणाले, "हो, सगळं व्यवस्थित." बायकोला सांगितलं तर ती बहिणीला सांगणार. बहीण नवऱ्याला. आणि तो नवरा... नको!

आता इथे कान द्या, कथा इथे आहे. जून संपत आला, पुतणीची बदली झाली. तिसरा मजला रिकामा. आणि जयसिंगपूरला फोन वाजला.

"अच्युतराव, मधुसूदन बोलतोय. तो तुमचा पुट्टस्वामी मला फोन करतोय. म्हणतो, तुमच्या साडूंचं मीच बघतो. मुखत्यारपत्र मागतोय. कन्नड माझं मी वाचेन, पण कागदावरून माणूस कळत नाही हो. तुम्हाला दोन वर्षांचा अनुभव. माणूस कसा आहे?"

किती शब्द लागत होते? तीन! 'देऊ नका कागद.' संपलं! लहान मुलालाही जमेल.

अच्युतरावांच्या ओठांपर्यंत आलं ते. अगदी इथपर्यंत! आणि मग तो सहावा आत बसल्या बसल्या हळूच म्हणाला, सांगितलंस तर कळेल त्याला, की तू फसलास. आणि तो राहील वर. कायमचा वर. चौथ्या मजल्याचा काय उपयोग मग?

आणि अच्युतराव म्हणाले, "चांगला आहे की! वेळेवर पैसे देतो."

दिगंबरराव, द्या सूर. हे माझंच आहे, वेडंवाकडं —

शब्द आला ओठी । गिळियेला पोटी ।
सोयरा तो काठी । बुडताना ॥

दोन जुलैला मधुसूदनरावांनी कागद दिला. वर्षभरात पुट्टस्वामी पंधरा-वीस घरांचे पैसे घेऊन पसार झाला. तिसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं भोग्याने बसलेलं. त्यांची रक्कम दिल्याशिवाय घर मोकळं होईना आणि मोकळं झाल्याशिवाय गिऱ्हाईक मिळेना. मुलगी डेंटिस्ट झाली होती. खुर्ची-मशीन राहिली. ती दुसऱ्याच्या दवाखान्यात पगारावर उभी राहिली.

दोघा साडूंनी मिळून वकील केला. बेंगळुरूच्या कोर्टात तारखेला दोघे एकत्र जायचे, रात्रीच्या बसने, एका ब्लँकेटमध्ये. मधुसूदनराव म्हणायचे, "बरं झालं तुम्ही बरोबर आहात. दोघंही भोळे आपण." अच्युतराव खिडकीबाहेर बघायचे.

एका तारखेला वकिलाने दोघांचे कागद एका फायलीत लावून मधुसूदनरावांच्या हातात दिले, "तुम्हाला कन्नड येतं, एकदा नजर घाला." कोर्टाच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर बसून ते पानं उलटू लागले. एका पानावर थांबले. अच्युतरावांचा तक्रारअर्ज. शिक्का, चौदा जून. त्यांनी तो सगळा वाचला. मग आपलं मुखत्यारपत्र काढलं, दोन जुलै. दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

अच्युतराव दोन पावलं मागे सरले. शिवी येईल, लाथ येईल, काहीतरी येईल. आलं असतं तर बरं झालं असतं!

मधुसूदनराव एवढंच म्हणाले, "अच्युतराव, फोनवर नुसतं खाकरला असता, तरी मी समजलो असतो."

बस्स. फाईल बांधली आणि वकिलाला देऊन आले.

अच्युतराव परत येताना अख्ख्या रस्त्यात वाट बघत होते, आता हा घरी सांगेल. पुढच्या आठवड्यात सासुरवाडीला सासऱ्यांचं श्राद्ध होतं, सगळे जमले. मेहुण्याने विचारलंच, "काय हो, तो माणूस चोर आहे हे आधी कुणाला कळलं?" अच्युतरावांचा घास हातात राहिला. मंदाकिनीबाई वाढत होत्या. मधुसूदनराव भात कालवत म्हणाले, "दोघांना एकदमच. करणार काय."

मंडळी! त्या दिवशी अच्युतरावांना जन्मात पहिल्यांदा साडूचं असं काहीतरी दिसलं, की ज्याच्यावर खरंच जळावं. तिसरा मजला नव्हे, दुकान नव्हे. ते मन! आणि ते विकत घेता येत नव्हतं. त्याच्या वरच्या मजल्यावर काही मिळत नव्हतं. माणूस पाटावर बसून रडला हो. सगळ्यांना वाटलं, सासऱ्यांची आठवण आली.

आता अच्युतरावांना सोडा. मी तुमच्याकडे वळतो. आजी, आता डोलू नका.

आत्ता, हे ऐकताना, प्रत्येकाच्या डोळ्यापुढे एक चेहरा आला आहे. आला आहे, मला माहीत आहे. भाऊ असेल, जाऊ असेल, शेजारचा दुकानदार असेल, ऑफिसातला बरोबरीचा असेल. तो कुठेतरी सही करायला निघाला आहे. मुलगी द्यायला, पैसे गुंतवायला, औषध घ्यायला. आणि तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे. तुम्ही खोटं बोलला नाहीत, तुम्ही फक्त गप्प आहात. म्हणता, मला कुणी विचारलं का?

परमेश्वर असं विचारणार नाही, की तुझ्या भावाला तू किती दिलंस. तो विचारेल, तुला ठाऊक होतं, मग सांगितलं का नाहीस? काय उत्तर द्याल?

आरतीला वेळ आहे. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. देवळाबाहेर कट्टा आहे, तिथे बोललेलं आत ऐकू येत नाही. ज्याला जायचं त्याने जावं, मी नामस्मरण धरून ठेवतो.

...

कुणी वळून बघू नका. खांबाशेजारचे ते उठलेत ना, त्यांना वाट द्या. चपला शोधू देत त्यांना. दिगंबरराव, सूर थोडा वर घ्या, बाहेरचा आवाज आत येता कामा नये.